‘सॉरी म्हण’ म्हणण्याआधी : शाळेतलं भांडण सांधायचं कसं

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. दसरा-दिवाळीच्या पुढेमागे आमच्या गावातल्या बऱ्याच घरांना कुलूप लागतं. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. मुलं कधी सोबत जातात, कधी आजी-आजोबांपाशी राहतात. याच महिन्यांत वर्गातली भांडणं वाढतात, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

एका हिवाळ्यात सहावीतल्या एका मुलानं वर्गातल्याच मुलाच्या नव्या सायकलचं सीट ब्लेडनं फाडलं आणि दोन्ही टायर चिरले. मग नेहमीचंच सगळं झालं. ऑफिसात बोलावणं, माफीनामा, दुसऱ्या दिवशी परिपाठात सगळ्यांसमोर ‘सॉरी म्हण, हात मिळव’. माफी मागताना तो हसला. ‘बघा, हसतोय निर्लज्ज’ असं कुणीतरी म्हणालं. मीही मनात तेच म्हटलं होतं. त्यानंतर तो ११ दिवस शाळेत आला नाही. आणि ज्याची सायकल होती, त्याचं रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायला लागलं. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याच्याही पदरात काही पडलं नव्हतं.

तिथून मी रिस्टोरेटिव्ह जस्टिस शिकायला लागले. मराठीत त्याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. मी सांधणारा न्याय म्हणते आणि आमची मुलं नुसतं ‘गोल’ म्हणतात. शिक्षेचा प्रश्न असतो : नियम कुणी मोडला आणि त्याला काय करायचं? गोलाचे प्रश्न वेगळे : झळ कुणाला पोचली, त्याला आता काय हवंय आणि ते करायची जबाबदारी कुणाची? आघाताची जाण ठेवून हे करायचं म्हणजे एवढं धरून चालायचं, की समोरच्या मुलानं, मग ते मारणारं असो की मार खाणारं, आधीच काहीतरी सोसलेलं असू शकतं, आणि आपल्या न्यायानं त्यात भर पडता कामा नये.

ही पद्धत कालपरवाची नाही. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली. त्यांना दारोदार नेऊन लोकांना भेटवावं आणि नुकसान भरून द्यायला लावावं, असं तिथल्या प्रोबेशन अधिकाऱ्यानं सुचवलं आणि न्यायाधीशांनी ते मान्य केलं. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यात तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या रीतीतून आलेली कुटुंब परिषद आणली. मुलाबद्दलचा निर्णय त्याच्या घरच्यांना सोबत घेऊन करायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. ती आपल्या गावातल्या माणसांना चटकन पटते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात करणाऱ्यांना मला सगळ्यात आधी एक सांगायचंय. गोल करून बसणं हे या कामाचं शेवटचं टोक आहे. खरं काम त्याआधी, एकेकाला वेगवेगळं भेटण्यात होतं. ते टाळून मुलांना समोरासमोर बसवलंत, तर परिपाठातली ती माफीच पुन्हा होईल, फक्त सतरंजीवर.

१. हे प्रकरण गोलात आणायचं की नाही, ते आधी ठरवा

काही गोष्टी गोलात कधीही आणू नका.

लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी तो विषय शाळेत बसून सोडवायचा नसतो. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला त्यात १ वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मुलीचं नाव खराब होईल, आपसात मिटवा’ असं सांगायला माणसं येतातच. कितीही मोठा माणूस आला तरी ऐकू नका.

जातीवरून शिवीगाळ, पाण्यावरून, खिचडीच्या पंगतीवरून शिवाशीव, यातही ‘दोघांचंही थोडं थोडं चुकलं’ असा सूर लागू देऊ नका. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ आहे आणि तक्रार करायचा हक्क त्या कुटुंबाचा आहे. तो हक्क त्यांना आधी सांगा. घरात मारहाण होत असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. मारणाऱ्यासमोर मुलाला बसवून ‘बोल, काय होतं ते’ म्हणणं हा क्रूरपणा आहे.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून गावात बसून तंटा मिटवणं लोकांच्या सवयीचं आहे, त्यामुळे गोल म्हटलं की त्यांना तंटामुक्तीची बैठकच आठवते. तिथे तंटा मिटला की काम झालं. इथे दुखावलेल्या मुलाला सुरक्षित वाटलं की काम झालं. दोन्हींत फार अंतर आहे. आणि जात पंचायतीसारखं दंड, बहिष्कार असलं काही कुणी सुचवलं, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, हे शांतपणे पण स्पष्ट सांगा.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. मारामारी, चिडवाचिडवी, वस्तू फोडणं, छोट्या चोऱ्या, व्हॉट्सॲपवरची बदनामी, वर्गानं एखाद्याला एकटं पाडणं, शिक्षक-विद्यार्थ्यांतली कुरबुरसुद्धा.

२. भांडण नसताना गोल बसा

आठवड्यातून एकदा, २० मिनिटं. प्रश्न अगदी साधे : या आठवड्यात कशानं बरं वाटलं? घरी कोण आहे, कोण गावाला गेलंय? उत्तर द्यायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायची मुभा. महिना-दोन महिने हे झालं की गोल म्हणजे आरोपीचा पिंजरा नाही, हे मुलांना कळतं. हे न करता पहिलाच गोल भांडणाचा बसवू नका.

३. सामान आणि कागद

फार काही लागत नाही :

– एक सतरंजी. सगळे खाली बसतात, शिक्षकही. मी खुर्चीवर आणि मुलं खाली, असं चालत नाही.
– बोलायची वस्तू. ज्याच्या हातात ती, तोच बोलणार. आमच्याकडे लाकडी भोवरा आहे. सुरुवातीला मी टेबलावरची लाकडी पट्टी घेतली होती. एका मुलानं ती हातात घेताना मान खाली घातली आणि तळहात पुढे केला. तेव्हापासून पट्टी नाही.
– ऑफिस सोडून दुसरी एखादी खोली. जिथे ओरडा बसतो, तिथे मूल मोकळं बोलत नाही.
– तुमची स्वतःची नोंदवही, कुलपात ठेवलेली. तिच्यात नावाऐवजी खूण लिहा.
– संमतीचा कागद : पालकाचा वेगळा, मुलाला समजेल असा मुलाचा वेगळा.
– समजुतीचा कागद (सातव्या पायरीत सांगते).
– भिंतीवर दोन नंबर : १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय आधी मांडून ठरावात घ्या. पुढे कुणी ‘बाई आरोपींना पाठीशी घालतात’ म्हणालं, तर तो ठराव कामाला येतो. सखी सावित्री समितीलाही (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) कल्पना देऊन ठेवा.

४. आधी शरीर शांत होऊ द्या

घाबरलेलं मूल विचार करत नसतं, ते वाट शोधत असतं : मारू, पळू की थिजून जाऊ? तशा वेळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी नसतंच. काही मुलं शून्यात बघतात, काहींचे हात गार पडतात, आणि काही हसतात. सायकल फाडणारा मुलगा परिपाठात हसला, ते भीतीनं. हे मला तेव्हा कळलं असतं तर त्याचे ११ दिवस वाचले असते.

म्हणून भांडण सोडवल्यावर निदान अर्धा तास कुणालाही जबाब विचारू नका. पाणी द्या. मैदानाला एक फेरी मारून या, हवं तर तुम्हीही सोबत चाला. दार उघडं ठेवा आणि दारात स्वतः उभं राहू नका. समोर बसण्याऐवजी बाजूला बसा. विचारल्याशिवाय पाठीवर हात ठेवू नका; आपल्याला माया वाटते, पण ज्यानं मार खाल्लाय त्याला उचललेला हातच दिसतो. आणि पुढे काय होणार ते सांगा : ‘आता तू वर्गात जाशील. मधल्या सुट्टीनंतर मी तुला एकट्याला भेटेन. आज घरी फोन करणार नाही.’ पुढचं ठाऊक असलं की मुलाच्या पोटातला गोळा थोडा उतरतो. फोन करायचा असेल, तर तेही आधी त्यालाच सांगा.

एक इशारा. १९९५ ते १९९७ या काळात अमेरिकेत १७ हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या अभ्यासातून बालपणीचे आघात आणि पुढच्या आयुष्यातले आजार यांचा संबंध समोर आला. त्यातून पुढे दहा प्रश्नांची एक यादी सगळीकडे पसरली, मोबाइलवरही फिरते. ती वर्गात वाटू नका. आपण समुपदेशक नाही. आघाताची जाण ठेवायची म्हणजे आपण जपून वागायचं. मुलाची जखम उकरायची नाही. मूल आपणहून काही बोललं तर ऐका, पण ‘हे कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी लागलं तर मला एका माणसाला सांगावं लागेल’ हे आधीच सांगून मोकळं व्हा.

५. एकेकट्याला भेटा, आणि पहिल्यांदा ज्याला झळ पोचली त्याला

बहुतेक जण उलट करतात. आधी ‘गुन्हेगाराला’ बोलावतात, त्यातच तास जातो, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला शेवटी विचारतात, ‘माफ केलंस ना रे?’

प्रश्न थोडेच असतात. काय झालं? त्या वेळी तुला काय वाटलं? त्यानंतर काय काय बदललं? सगळ्यात अवघड काय जातंय? आता काय झालं तर तुला बरं वाटेल? दुसऱ्या मुलालाही जवळपास हेच विचारायचं. भर एकच : यात कुणाकुणाला त्रास झाला असं तुला वाटतं?

‘का केलंस?’ हा प्रश्न मी पूर्णपणे सोडला आहे. मुलाच्या कानाला तो चापटीसारखा लागतो, आणि उत्तर येतं ‘माहीत नाही’ किंवा ‘त्यानंच आधी काढलं’.

सायकलवाल्या मुलाला मी भेटले तेव्हा मला वाटलं होतं, तो टायरच्या पैशांचं बोलेल. तो म्हणाला, ‘बाई, वर्गात बसलो की सायकल दिसत नाही. सारखं वाटतं, आत्ता कुणी काय करतंय का.’ पोटदुखी तिथली होती. त्याला माफी नको होती, सायकल दिसेल अशी जागा हवी होती. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या मुलाच्या घरी गेले. आजी अंगणात तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘बाई, लेकरू रातीचं उठून बसतंय. काय इचारलं तर बोलंना.’ पहिल्या भेटीत तो मुलगा एक शब्द बोलला नाही. मी तांदळातले खडे काढत बसले आणि परत आले. दुसऱ्या भेटीत, तेही माझ्याकडे न बघता, त्यानं सांगितलं : सायकलवाला मुलगा वर्गात त्याला म्हणाला होता, ‘तुझ्या आईबापानं तुला टाकून दिलंय.’

यानं टायर चिरणं बरोबर ठरत नाही, आणि मी त्याला तसं भासवलंही नाही. ‘तुला ते किती लागलं असेल हे मला कळतंय. आणि सायकल फाडली, ती नीट करायला लागेल.’ ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत. एकच म्हटलं की काम फसतं.

पालकांनाही वेगळं भेटा. सायकलवाल्या मुलाचे वडील तापलेले होते : ‘पैसे द्या, नाहीतर पोलिसात जातो.’ मी त्यांना सांगितलं, तक्रारीचा तुमचा हक्क आहे आणि गोलात बसल्यानं तो जात नाही. त्यावर ते खाली बसले. दुसऱ्या मुलाच्या वडिलांशी रात्री फोनवर बोलले. तोड संपवून ते कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) आलेले, मागे बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘शाळेतून काढणार का त्याला?’ आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १६ तसं सांगतं. ‘दाखला हातात देऊ’ ही धमकी आपण किती सहज देतो, आणि मैलोन्‌मैल लांब असलेल्या बापाला ती किती खरी वाटते, हे मला त्या रात्री समजलं.

दोघांपैकी कुणीही ‘नाही’ म्हटलं तर तिथेच थांबायचं. आठवीतल्या एका मुलीनं मला स्पष्ट सांगितलं, ‘मला तिच्यासमोर बसायचं नाही.’ मी आग्रह केला नाही. तिनं तिला हवं ते लिहून दिलं, मी ते दुसरीपर्यंत पोचवलं, उत्तर आणलं, बाकं बदलली. झालं. गोल न बसताही न्याय होतो.

६. आता गोल

सहा ते आठ माणसं पुरे. दोन्ही मुलं, प्रत्येकाच्या विश्वासाचं एकेक माणूस, घटना पाहिलेला एखादा वर्गमित्र, आणि तुम्ही. पाहिलेल्या मुलांनाही झळ बसलेली असते, त्यांना विसरू नका. सरपंच, गावातले पुढारी, जमलेली माणसं यांना नम्रपणे बाहेर ठेवा. मोबाइलवर चित्रण अजिबात नाही. कोण कुठे बसणार ते आधीच ठरवा. दुखावलेल्या मुलाला दाराजवळची जागा द्या, आणि कधीही उठून जाता येईल असं सगळ्यांसमोर सांगा.

भोवरा पहिल्यांदा दुखावलेल्या मुलाकडे, मग फिरत फिरत सगळ्यांकडे. तुम्ही फक्त प्रश्न विचारा. मला सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. आम्हा शिक्षकांना शांतता सहन होत नाही, आपण लगेच तात्पर्य सांगायला लागतो. एका गोलात भोवरा पूर्ण दोन मिनिटं एकाच मुलाच्या हातात फिरत राहिला. मग तो बोलला. मी मध्ये तोंड घातलं असतं तर तो बोलला नसता.

माफी मागायला सांगू नका. यायची असेल तर येईल. आणि आली, तरी ती स्वीकारायला दुसऱ्याला भाग पाडू नका.

कुणी थिजलं, रडू अनावर झालं, श्वास जोरात चालू लागला, तर थांबा. गोल उद्याही बसवता येतो.

७. समजुतीचा कागद

हा माफीनामा नाही. कोण, काय, कधीपर्यंत करणार, एवढंच. चार ओळी. मुलांच्याच शब्दांत लिहा आणि दोघांना एकेक प्रत द्या.

आमच्या कागदावर हे होतं : सायकल वर्गाच्या खिडकीसमोर लिंबाखाली लागेल. टायरचे पैसे चुलते आत्ता देतील, वडील पाडव्याला त्यांना परत करतील. टायर बसवताना रविवारी दोघंही दुकानात जातील. सीटला आजी आणि नातू मिळून कव्हर शिवतील (आजीनं जुन्या लुगड्याचं, चार पदरी, गोधडीच्या टाक्यांचं शिवलं). चौथी ओळ सायकलवाल्या मुलानं आपणहून घातली : ‘मी कुणाच्या आईबापावरून बोलणार नाही.’

इथे पाय घसरतो तो असा : संडास साफ करायला लावणं, सगळ्यांसमोर उभं करणं, उठाबशा हे ‘समजूत’ म्हणून कागदावर येतं. हा अपमान आहे, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. ‘दुकानात काम करून पैसे फेडू दे’ असंही कुणीतरी सुचवतं. १४ वर्षांखालच्या मुलाला असं कामाला लावणं कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे पैशांचं मोठ्यांनी मोठ्यांत ठरवावं. मुलाच्या वाट्याला त्याला झेपेल आणि त्याला मान खाली घालावी लागणार नाही, असं काही द्यावं.

८. पुन्हा भेटा

कागदावर सह्या झाल्या की सगळे हुश्श करतात आणि तो कागद फायलीत जातो. तसं होऊ नये म्हणून पुढच्या भेटींच्या तारखा गोलातच ठरवा : एक आठवड्यानं, एक महिन्यानं, आणि तिसरी मुलाच्या आयुष्याला धरून. आम्ही तिसरी पाडव्यानंतरची ठेवली. या भेटी १० मिनिटांच्या असतात. ठरलेलं झालं का? आता कसं वाटतंय? कागदात काही बदलायचंय का?

तुमच्यासाठीही कुणीतरी हवं. दिवसभर असलं ऐकून घरी गेलं की झोप लागत नाही. मी शेजारच्या शाळेतल्या एका मैत्रिणीशी, मुलांची नावं न घेता, आठवड्याला एकदा बोलते.

सायकलवाल्या मुलाची पोटदुखी महिन्याभरात थांबली. दुसरा मुलगा शाळेत नियमित यायला लागला, पण रात्री उठून बसणं चालूच राहिलं, म्हणून त्याला जिल्हा रुग्णालयात समुपदेशकाकडे नेलं. पाडव्यानंतरच्या भेटीला त्याचे वडील आले, टायरच्या पैशांची घडी खिशातून काढून चुलत्यांच्या हातावर ठेवली आणि मुलाशेजारी सतरंजीवर बसले. पुढच्या हंगामातली पहिली भेट मी दसऱ्याच्या आठवडाभर आधीची लिहून ठेवली आहे, आईबाप गावात असतानाची.